बेचाळीस नंबरचं पुस्तक

मालिका वाचणाऱ्या माणसाच्या हातात मधलाच भाग कधी देऊ नये. पंगतीत भाताच्या आधी मठ्ठा वाढला तर जेवणारा एक वेळ मुकाट्याने पिईल. हा पीत नाही, वाढप्याला परत बोलावतो. हे मला नानांमुळे कळलं, आणि वाढपी मी होतो.

नाना म्हणजे माझ्या मित्राचे वडील. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, काही वर्षं पुण्यात गॅलरीतल्या कढीपत्त्याला पाणी घालण्यात काढली आणि नातू झाला तेव्हा काकूंना घेऊन सिडनीला, वेंटवर्थव्हिलला, मुलाकडे राहायला आले. इथे आलेल्या आईवडिलांचा दिनक्रम ठरलेला असतो. सकाळी पार्कात तीन फेऱ्या, दुपारी मराठी सीरियल, संध्याकाळी नातवाची बाबागाडी, शनिवारी हॅरिस पार्कला भाजी आणि ओळखीच्या दोन चेहऱ्यांशी गुडघ्यांबद्दल बोलणं. नाना दीड महिन्यात कंटाळले. "अरे, इथे रस्त्यात कोणी भांडतसुद्धा नाही रे," असं मला म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज खरोखर पडलेला होता.

म्हणून मी त्यांना कौन्सिलच्या लायब्ररीत घेऊन गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे मोठ्या टाइपातल्या पुस्तकांच्या फळीपाशी उभं केलं आणि हाताला लागलं ते काढून दिलं. पुस्तक होतं पीटर कॉरिसचं 'डीप वॉटर'. म्हटलं, "नाना, सिडनीतल्या खासगी डिटेक्टिव्हची गोष्ट आहे. क्लिफ हार्डी. अगदी इथला माणूस." शनिवारी पुस्तक दिलं, रविवारी सकाळी सात वाजता फोन.

"काय दिलंस तू मला हे? माणसाची नीट ओळख व्हायच्या आत त्याला हार्ट अटॅक? आणि तोसुद्धा सिडनीत नाही, अमेरिकेत, सॅन दिएगोला!"

"पुढे बरा होतो ना पण."

"बरा होईल रे, बायपास केलंय त्याचं. पण हा म्हणतो माझं लायसन्स गेलं. कधी गेलं? कोणी काढून घेतलं? कारणे दाखवा नोटीस दिली होती का? मागचे कागद लावल्याशिवाय मी उभ्या आयुष्यात फाइल पुढे सरकवली नाही, आणि तू मला थेट मधल्या पानावर सही करायला लावतोस!"

मागचे कागद बरेच होते. क्लिफ हार्डीचं पहिलं पुस्तक 'द डाइंग ट्रेड' आलं १९८० साली आणि शेवटचं 'विन, लूज ऑर ड्रॉ' २०१७ साली. कादंबऱ्या आणि कथासंग्रह मिळून ४२. मी नानांना दिलेलं 'डीप वॉटर' २००९चं, म्हणजे हार्डीने तोवर जवळजवळ तीस वर्षं मार खाल्लेला होता. लायसन्स त्याआधी दोन वर्षं, 'अपील डिनाइड'मध्ये गेलेलं. नानांनी लायब्ररीतल्या बाईंकडून सगळ्या पुस्तकांची यादी छापून घेतली, घरी येताना दोन डॉलरच्या दुकानातून एक लांबट वही घेतली आणि तिच्यात पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, प्रकाशन वर्ष, आवक दिनांक, जावक दिनांक, हार्डीस झालेली मारहाण, शेरा. मारहाणीच्या रकान्यात 'डोके – १, बरगडी – २' अशा नोंदी असत. शेऱ्यात: 'या बाईपासून सावध राहावयास हवे होते.' 'मद्यपान वाढले आहे.' 'गाडी दुरुस्तीस आली आहे.' आणि एका ठिकाणी, लाल शाईत: 'पैसे घेतलेच नाहीत!!'

कथासंग्रह मोजायचे की नाहीत, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. मग निर्णय दिला. "मोजायचे. किरकोळ रजेने सेवा खंडित होत नाही."

सुरुवातीची पुस्तकं आमच्या लायब्ररीत नव्हती, दुसऱ्या कौन्सिलमधून मागवावी लागली. पहिलं आलं, दुसरं आलं, तिसरं 'द मार्व्हलस बॉय' कुठेतरी अडकलं. चौथं 'द एम्प्टी बीच' टेबलावर येऊन पडलं होतं. नानांनी त्याला हात लावला नाही. पाच आठवडे ते घरात येरझारा घालत होते, आणि काकू मला फोनवर म्हणत होत्या, "अरे, ते तिसरं एकदाचं आण बाबा कुठून तरी. इथे माझ्या डब्यांची लेबलं बदलून झाली सगळी."

आता कोणी म्हणेल, हे सरकारी नोकरीमुळे. तसं नाही. ही जात बालपणापासून तयार होते. नाना गिरगावात वाढले. चाळीखालच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकर आणायचे. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे वाचकाला संपायची भीती नव्हती. झुंजार आणि काळापहाड यांच्याबरोबर नाना मॅट्रिक झाले, गणितात कमी मार्क पडले त्याचं कारणही तेच दोघे. पुढे नोकरी लागल्यावर सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि फिरोज इराणी आले. इंग्रजी सुधारावं म्हणून फोर्टच्या फुटपाथवरून कार्टर ब्राऊन घ्यायला लागले. इंग्रजी किती सुधारलं कोण जाणे, पण मुखपृष्ठामुळे पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवावं लागे, असं काकू सांगतात.

तर सिडनीला आल्यावर नानांना कळलं की हा कार्टर ब्राऊन इथलाच. खरं नाव ॲलन येट्स. लंडनहून येऊन ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला. युद्धाच्या काळात अमेरिकन मासिकं आणि स्वस्त पुस्तकं बाहेरून आणण्यावर निर्बंध आले, वाचकांना तर अमेरिकाच हवी होती, तेव्हा इथल्या प्रकाशकांनी अमेरिका इथेच छापायला घेतली. त्या बाजारात येट्स पुढे आला आणि सिडनीत बसून कॅलिफोर्नियात माणसं मारू लागला. नाना हे ऐकून एखाद्या जुन्या मित्राने फसवावं तसे खट्टू झाले.

"म्हणजे मी इतकी वर्षं अमेरिकेतले खून म्हणून वाचले ते इथे, समुद्राच्या वाऱ्यावर बसून केलेले?"

हार्डी त्यांना आवडला तो यासाठी. कॉरिस स्वतः चँडलर, हॅमेट, रॉस मॅकडोनाल्ड यांच्या पुस्तकांवर पोसलेला, पण त्याने तो अमेरिकन साचा उचलून सिडनीच्या गल्लीत आणून ठेवला आणि गल्लीचं नाव बदललं नाही. त्याचा हार्डी मरूब्राच्या किनाऱ्यावर वाढलेला, मलायात सैन्यात जाऊन आलेला, बॉक्सिंगने नाक मोडलेला, इन्शुरन्सच्या चौकश्या करता करता स्वतःची पाटी लावून बसलेला. गोष्ट तो स्वतःच सांगतो. नानांच्या मते ही मोठी सोय: "सगळं हाच सांगतोय म्हणजे मरणार नाही हे पक्कं. त्यामुळे अर्ध्यावर दिवा घालवून झोपता येतं."

कॉरिस मूळचा इतिहासकार, हे कळल्यावर नानांच्या मनात त्याच्याविषयी आदर फारच वाढला. सॉलोमन बेटांवरच्या माणसांना क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेत, त्यावर त्याचा प्रबंध. "म्हणजे आपले गिरमिटियेच की," नाना म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पीएच.डी. करून माणूस डिटेक्टिव्हच्या गोष्टी लिहायला लागला. याला म्हणतात शिक्षणाचा उपयोग." इतिहासकाराची सवय त्याला सुटली नाही, हे मात्र खरं. १९८९च्या डिसेंबरात न्यूकॅसलला भूकंप झाला, तेरा माणसं गेली, आणि दीडदोन वर्षांत हार्डी 'आफ्टरशॉक'मध्ये त्या ढिगाऱ्यात चौकशी करत होता. ही पुस्तकं ओळीने वाचली की शहर डोळ्यांदेखत महाग होत जातं.

काकूंचं हार्डीबद्दलचं मत वेगळं होतं. नाना रोज चहाच्या वेळी त्यांना कथानक सांगत, त्यामुळे त्यांनी एकही पुस्तक न वाचता बेचाळीस पुस्तकं ऐकली. एकदा नाना मला घटस्फोटाचा कायदा समजावत होते. "१९७६च्या जानेवारीआधी इथे घटस्फोट हवा तर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा बायकोचा दोष सिद्ध करावा लागायचा. म्हणजे पुरावा हवा. म्हणजे फोटो हवा. म्हणजे डिटेक्टिव्ह हवा. हे लोक कॅमेरा घेऊन मॉटेलच्या खोल्यांत घुसायचे! मग नवा कायदा आला, एक वर्ष वेगळे राहा आणि सुटा. एका कायद्याने केवढ्या लोकांच्या पोटावर पाय आला बघ. 'मॅट्रिमोनिअल कॉझेस'मध्ये ते जुने दिवस आहेत सगळे."

काकू आतून म्हणाल्या, "जगाच्या नवऱ्यांवर पाळत ठेवली. याची स्वतःची बायको निघून गेली ते याला कळलं का वेळेवर?"

नानांनी वही उघडली, काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि मिटली.

ग्लीबची वारी हा वेगळाच प्रकार. हार्डी राहतो ग्लीबला, तेव्हा ग्लीब बघणं आलंच. ज्येष्ठांचं सोनेरी ओपल कार्ड असलं की दिवसभर कितीही फिरा, अडीच डॉलरच्या वर पैसे कापत नाहीत. या योजनेचा नानांइतका कसून फायदा सिडनीत कोणी घेतला नसेल. डोक्यावर टोपी, हातात छत्री, पिशवीत दशम्या आणि वही. ट्रेनने सेंट्रल, तिथून बस, आणि ग्लीब पॉइंट रोडला उतरल्यावर माझ्या हाताला धरून हलक्या आवाजात: "आता आपण त्याच्या हद्दीत आहोत."

ग्लीबची जुनी घरं एकमेकांना चिकटून ओळीने उभी असतात. अरुंद दर्शनी भाग, वर लोखंडी नक्षीची गॅलरी, मागे हातभर परसू. नानांनी पाच मिनिटं निरीक्षण केलं. "ही चाळ आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा जिना दिलेली चाळ." त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सिडनीत घरच्यासारखं वाटलं असावं, कारण ते एका कुंपणाला टेकून दशमी खायला लागले. हार्डी इथे आला तेव्हा या भागात विद्यार्थी, कामगार आणि कमी पैशातले कलावंत राहत. आता भिंती पांढऱ्या-करड्या झाल्या आहेत, दारातल्या कुंड्यांतली झाडंसुद्धा केस कापून आल्यासारखी दिसतात. एका घरावर विक्रीचा बोर्ड होता. नानांनी किंमत विचारायला लावली, मी फोनवर बघून सांगितली, तेव्हा ते दशमी हातात धरून तसेच उभे राहिले.

"हार्डीला आज इथे नवीन घर घेता येणार नाही."

"कोणालाच येणार नाही, नाना."

"तसं नव्हे. हा माणूस चाळीस वर्षं बड्या धेंडांच्या मागे लागला ना, ती सगळी धेंडं आता याच्या शेजारी राहायला आली आहेत."

समोरून एक म्हातारा गृहस्थ कुत्रं घेऊन येत होता. शॉर्ट्स, चपला, चेहऱ्यावर उन्हाने काढलेल्या रेघा. नाना थेट पुढे गेले आणि आपल्या टिपणवजा इंग्रजीत विचारलं की इथे क्लिफ हार्डी नावाचे गृहस्थ राहत असत, आपण त्यांना ओळखता काय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाने कुत्र्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता म्हणाला, "दिसला नाही मेट, बऱ्याच दिवसांत." आणि पुढे चालू लागला.

नाना माझ्याकडे वळले. "बघ. म्हणजे होता."

इथल्या लोकांची थट्टा ही अशी असते. ती झाली की नाही, ते घरी जाऊन कळतं. आठ वर्षं इथे राहूनही मला ती जमत नाही. नानांना ती अनवधानाने जमली होती, कारण त्यांना थट्टा झाल्याचं शेवटपर्यंत कळलं नाही. किंवा कळलं असेलही.

मी स्वतः बारा-पंधरा हार्डी वाचले. खरं सांगायचं तर त्यानंतर माझ्या डोक्यात त्यांचं मिश्रण झालं. कोणीतरी हरवतं, अशील काहीतरी लपवतं, हार्डी मार खातो, एक बाई भेटते, गाठ समुद्राकाठी सुटते. हे नानांना बोलून दाखवलं ती माझी दुसरी चूक. "काल पोळी खाल्लीस ना? मग आज कशाला खातोस?" एवढंच म्हणून त्यांनी विषय संपवला, आणि पुढचे दोन शनिवार लायब्ररीत बसने गेले.

पण त्यांचं प्रेम आंधळं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. हिशेबाला ते पक्के. एकदा मला फोन करून म्हणाले, "याच्या सेवापुस्तकात जन्मतारखेचा घोळ आहे. मलायातली आणीबाणी संपली १९६०ला. तेव्हा हा निदान वीस वर्षांचा धर. म्हणजे २०१७ला सत्त्याहत्तर. सत्त्याहत्तराव्या वर्षी, बायपासनंतर, हा माणूस मारामाऱ्या करतोय? माझे गुडघे बघ." त्यांनी यावर उपाय काढला तो खास त्यांचाच: हार्डीला मुदतवाढ मिळाली आहे, असं वहीत नोंदवलं. 'कमबॅक'मध्ये त्याला लायसन्स परत मिळालं त्या दिवशी काकूंना शिरा करायला सांगितला. १९८५ साली ब्रायन ब्राऊनला घेऊन 'द एम्प्टी बीच'चा सिनेमा निघाला होता, तो मात्र त्यांनी वीस मिनिटांत बंद केला. माणूस चांगला आहे, पण आपला नाही, म्हणाले. मुलगी बघून आल्यासारखं.

अशा वाचकाच्या हातून एक तरी तपास व्हायचाच, आणि तो लिंबाच्या झाडावरून झाला.

इथे बहुतेक जुन्या घरांच्या मागच्या अंगणात एक लिंबाचं झाड असतं. मोठी, पिवळीधमक, जाड सालीची लिंबं. थंडीत, म्हणजे जून-जुलैत, झाड लगडतं. एका सकाळी काकू लिंबू काढायला गेल्या आणि ओरडतच आत आल्या. झाडावर लिंबं होती, देठाला तशीच लटकलेली. पण सोललेली. पिवळी साल पूर्ण गेलेली, आतलं पांढरं फळ मात्र शाबूत. एखाद्याने फांदीवरच्या फांदीवर कोरून काढावं तसं.

नानांनी सगळ्यांना अंगणातून हाकललं. खाली साल पडलेली नाही, पायाचे ठसे नाहीत, कुंपणाचं दार बंद. संशय पहिल्यांदा सुनेवर गेला, कारण तिने आदल्याच आठवड्यात लिंबाची साल किसून केक केला होता. तिने नोकरीवर जायच्या घाईत फक्त "बाबा!" एवढंच म्हटलं. नानांनी तिचं नाव खोडलं. मग शेजारी.

रात्री अकरा वाजता कानटोपी, शाल, थर्मास आणि बॅटरी घेऊन नाना ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या मुलाच्या कॅमरीत जाऊन बसले. तिथून बाजूच्या बोळातून झाड दिसत होतं. हार्डी अशी पाळत फॉल्कनमध्ये बसून ठेवतो, पण नाइलाज होता. साडेबाराच्या सुमारास शेजारी रात्रपाळीहून आला. अंधारात, बंद गाडीत, कानटोपी घातलेला माणूस. त्याने काचेवर टकटक केली. "यू राइट, मेट?"

आता या देशात याचा अर्थ 'ठीक आहात ना, काही हवंय का' असा होतो. नानांना वाटलं, आपल्या पाळतीच्या कायदेशीरपणावर शंका घेतली जाते आहे. ते ताठ बसून म्हणाले, "येस. आय ॲम राइट. यू आर अल्सो राइट." शेजाऱ्याचं समाधान झालं. तो झोपायला गेला आणि नानांच्या संशयितांची यादी संपली.

अडीच वाजता पत्र्यावर धप्पकन आवाज झाला. नानांनी बॅटरी मारली. फांदीवर मांजराएवढं, झुबकेदार शेपटीचं, गुलाबी नाकाचं एक जनावर बसलं होतं. दोन्ही हातांत लिंबू धरून ते साल सोलत होतं, आणि आजीबाईंनी चष्म्यावरून बघावं तसं त्याने नानांकडे बघितलं. मग परत कामाला लागलं. पॉसम! त्याला लिंबाची साल आवडते, आतल्या आंबट फळाशी त्याचं देणंघेणं नसतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी कायदा शोधून काढला. पॉसम संरक्षित. पकडायला परवाना लागतो, आणि पकडलाच तर दीडशे मीटरच्या आत सोडावा लागतो. म्हणजे तो रात्री परत येणार. नाना मला हे सांगताना रागावलेले असतील असं वाटलं होतं, पण ते कमालीचे खूश होते. "आरोपी सापडला, पुरावा सापडला, रंगेहाथ सापडला, आणि आता काही करता येत नाही! हार्डीचं दर वेळी अगदी असंच होतं!" काकूंनी सोललेली लिंबं तांब्याची भांडी घासायला घेतली.

२०१६च्या ऑक्टोबरात फोर्डने इथली फॉल्कन बनवणं बंद केलं. नानांनी पेपरातलं कात्रण वहीत चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'चिन्ह ठीक नाही.' जानेवारीत बेचाळिसावं पुस्तक आलं आणि त्यापाठोपाठ कळलं की हे शेवटचं. कॉरिसला सोळाव्या वर्षापासून मधुमेह, त्यात डोळे अधू होत गेले, आता लिहिणं थांबवणार. त्याने आपल्या मधुमेहावरही एक पुस्तक लिहिलेलं आहे, 'स्वीट अँड सोअर'. नानांनी तेही वाचलं. मालिकेतलं नाही म्हणून वहीच्या मागच्या पानावर वेगळी नोंद केली, पण त्या दिवसापासून स्वतःची शुगर न कुरकुरता तपासायला लागले. २०१८च्या ऑगस्टअखेर कॉरिस गेला, शहात्तराव्या वर्षी. नानांचा फोन आला, "आपले गेले रे." त्या दिवशी त्यांनी चहात साखर घातली नाही. तशी ते रोजच घालत नाहीत, पण त्या दिवशी कारण वेगळं होतं.

आणि एका खुणेबद्दल सांगायचं राहिलं. नानांच्या वहीत शेऱ्याच्या उजवीकडे एक अरुंद रकाना नंतर वाढवलेला होता, वर लिहिलं होतं 'खूण'. झालं असं की आमच्या लायब्ररीतली दोन-तीन पुस्तकं वाचून झाल्यावर नानांच्या लक्षात आलं, प्रत्येकात पान ३१च्या आकड्याभोवती पेन्सिलीने एक बारीक गोल काढलेला आहे. सगळीकडे एकाच हाताचा, खालून सुरू होऊन डावीकडे जरा चपटा झालेला. दुसऱ्या लेखकांच्या पुस्तकांत नाही, फक्त हार्डीत. दोन महिने ते सांकेतिक भाषा, तस्करी आणि पान ३१वरचे पहिले शब्द जोडून होणारं वाक्य यांच्या मागे होते. शेवटी लायब्ररीतल्या बाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, म्हातारे वाचक करतात असं. कोणतं पुस्तक वाचून झालंय ते लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येकाची एकेक खूण. कोणाची पान ७ला रेघ, कोणाची शेवटच्या पानावर फुली. कोणाची कोणती, ते मात्र त्या सांगणार नाहीत.

तेव्हापासून नानांना या गावात एक माणूस होता. नाव नाही, चेहरा नाही, पण पान ३१ला भेटायचा. "आपल्या आधी येऊन गेलाय," पुस्तक उघडल्याबरोबर ते म्हणत. स्वतःही ३१ला, गोलाच्या शेजारी, टिंबाएवढा 'श्री' काढायला लागले. लायब्ररीची मालमत्ता खराब करणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून फिकट पेन्सिलीने. काकू एकदा म्हणाल्या, "बाईसुद्धा असेल ती." नाना म्हणाले, "पेन्सिलीचा दाब पुरुषाचा आहे," आणि नंतर बराच वेळ त्या गोलाकडे बघत बसले.

शेवटच्या दोन पुस्तकांत गोल नव्हता. एकेचाळिसावं 'दॅट एम्प्टी फीलिंग' २०१६चं, तिथे नाही. बेचाळिसाव्यात नाही. आपण पुढे गेलो असू, मागून येईल, असं नाना म्हणाले. वाचून झालेली पुस्तकं त्यांनी परत केली, पण शनिवार चुकवला नाही. लायब्ररीत गेलं की आधी त्या फळीपाशी, दोन्ही पुस्तकं काढायची, पान ३१ बघायचं, परत ठेवायची. मी काही विचारत नसे. असे किती शनिवार गेले ते वहीत असेल. कॉरिस गेल्यानंतरचाही एक हिवाळा गेला.

मग एका शनिवारी मी पार्किंगमधून आत आलो तर नाना फळीपाशी उभे होते, बेचाळिसावं पुस्तक उघडं, चष्मा कपाळावर. मला वाटलं, तब्येत बिघडली. जवळ गेलो. पान ३१. 'श्री'च्या शेजारी गोल. खालून सुरू झालेला, डावीकडे चपटा, पूर्वीपेक्षा जरा थरथरता.

"नाना, आला की!"

नानांनी उत्तर दिलं नाही. घाईघाईने एकेचाळिसावं काढलं, पानं उलटली, ३१ शोधलं. कोरं. फक्त त्यांचा 'श्री'.

"एकेचाळिसावं न वाचता बेचाळिसावं!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की कॉम्प्युटरपाशी बसलेली दोन मुलं वळून बघायला लागली. "शेवटचं आधी वाचलं! चाळीस पुस्तकं ओळीने वाचून शेवटी ही शिस्त? काय माणूस आहे हा!"

रागाने त्यांच्या हाताला कंप सुटला होता. त्यांनी एकेचाळिसावं पुस्तक फळीत सरकवलं नाही. वरच्या टोकाला, जिथे नवीन आलेली पुस्तकं दर्शनी ठेवतात, तिथलं एक बागकामाचं पुस्तक बाजूला केलं आणि त्या जागी हे उभं केलं. दोन पावलं मागे गेले, बघितलं, परत पुढे जाऊन जरा सरळ केलं.

"खुर्चीत बसलेल्याला दिसेल ना रे इथून?" मला म्हणाले. "तू बस बघू तिथे जरा."

मी बसलो.